डावा खांदा पाऊण इंच खाली

भर दुकानात एका परक्या माणसाची कॉलर धरणं हे काही शहाण्या मुलीचं लक्षण नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण हात पुढे गेला तो गेलाच.

दुकान होतं मोठ्या कागदांवर नकाशे आणि आराखडे छापून देणारं. बाहेर पाऊस तिरका लागला होता, आत शाईचा नि ओल्या छत्र्यांचा वास कोंडला होता. कपडे बेतायला लागणारा रुंद कागद घ्यायला ती आली होती. रांगेत तिच्या पुढे एक उंच माणूस उभा होता. अंगात राखाडी लांब कोट. छापून आलेला नकाशा बघायला त्याने मान खाली घातली, आणि कॉलरच्या मागे, बरोबर मध्यावर, एक बोटभर चुणी अलगद उघडली.

ती चुणी तिने आजवर फक्त सहा कपड्यांवर पाहिली होती. सहाही तिच्या आजोबांच्या दुकानात शिवलेले.

"अहो! अहो बाई!" तो माणूस वळायला गेला, पण कॉलर तिच्या मुठीत होती. "माझं काही चुकलं का?"

"हलू नका."

"बरं."

"हा कोट कुठे शिवलाय?"

"आधी गळा सोडता का? मग सगळं कबूल करतो. न केलेलंसुद्धा."

रांगेतले लोक हसले. तिने मूठ सोडली, कान तापले, पण मागे हटेल ती टाचणी कसली! टाचणी हे तिचं कारखान्यातलं नाव. तोंडात कायम टाचण्या, आणि त्या नसल्या तर बोलणं तरी टोचणारं. तिला एका जागी दोन मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा ती जिन्यात उभी राहून प्यायची, फोनवर बोलताना सगळा मजला पायाखाली घालायची.

"ही चुणी," ती एका दमात म्हणाली, "फक्त एका दुकानात घालायचे. मान वाकवून वाचणाऱ्या माणसाला कॉलर काचू नये म्हणून. ते दुकान माझ्या आजोबांचं होतं. तिथे कारागीर शिवत असायचे आणि आजोबा मोठ्याने कादंबरी वाचून दाखवायचे. जो कपडा ज्या पानावर पुरा होईल, त्या पानाचा आकडा कॉलरच्या आत बारीक दोऱ्याने घालायचे. तुमच्या कोटात पण असणार. बघू द्या ना!"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. भिजलेली बट कपाळाला चिकटलेली, हातात कागदाची गुंडाळी, आणि डोळ्यांत अशी घाई की नाही म्हणायला जीभ रेटेना. तो क्षणभर काहीतरी वेगळं बोलणार होता... आणि मग म्हणाला, "वडिलांचा कोट आहे. तिथलाच असेल."

"असेल नाही, आहेच! काढा."

"इथे?"

"मग कुठे?"

"बाई, पाऊस पडतोय, थंडी आहे, आणि आपली ओळख होऊन चार मिनिटं झाली," तो म्हणाला. "कोट हवा असेल तर माणसासकट न्यावा लागेल."

आणि तिने नेला.

तिचा कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल, मागच्या खोलीत तीन मशीन, आणि भिंतीला टांगलेले सहा नवे पोशाख. पुढच्या महिन्यात शहरातल्या मोठ्या सभागृहात तिचं पहिलं प्रदर्शन होतं. सात पोशाख, सातही आजोबांनी वाचलेल्या त्या एका कादंबरीतून निघालेले. सहा पोशाख त्या त्या पानांवरून झाले. नायिका घर सोडते त्या पानावरून प्रवासाचा झगा, ती पत्र फाडते त्या पानावरून तुकड्या-तुकड्यांचा घागरा, असं. घोडं अडलं होतं सातव्यापाशी.

कारण कादंबरीचा शेवटच नव्हता. आजोबांच्या मागे पुस्तक तिच्या हाती आलं तेव्हा त्यातला सोळा पानांचा शेवटचा फर्मा गायब होता. नाव असलेलं पहिलं पानही झिजून गेलेलं, त्यामुळे दुसरी प्रत शोधायची तरी कोणत्या नावाने? आजोबांच्या दुकानातली दोन माणसं तिच्याकडेच कामाला होती, पण त्यांचं एकमत होईल तर शपथ. काज करणारे काका सांगत की शेवटी ते दोघं भेटतात, पुलावर, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. कापणाऱ्या बाई म्हणत की छे, ती गाव सोडून एकटी निघून जाते आणि मागे वळून बघत नाही. पुस्तक दुकानात दोनदा वाचून झालं होतं. काका पहिल्या वाचनाला होते, बाई दुसऱ्या. दोघंही स्वतःच्या कानांची शपथ घ्यायला तयार.

काकांना एवढं मात्र पक्कं आठवत होतं, की शेवट वाचला त्या दिवशी दुकानात एक लांब कोट पुरा झाला होता. शेवट नाही तर निदान तो कोट मिळाला, की त्यावरूनच सातवा पोशाख बेतायचा, असं टाचणीने ठरवलं होतं.

"हाच तो!" टाचणी त्या माणसाला टेबलापाशी उभा करत म्हणाली. "काका, बघा ना!"

काकांनी चष्मा वर केला. कोटाच्या काजांवरून अंगठा फिरवला. एकदा त्या माणसाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "हं," ते म्हणाले, "कोट चांगला आहे," आणि परत आपल्या सुईकडे वळले.

पण आकडा काही दिसेना. कॉलर झिजली म्हणून कधीतरी उलटवून परत शिवलेली होती. आकडा असला तर आतल्या घडीत, म्हणजे कॉलर उसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

"उसवायची नाही," तो माणूस म्हणाला.

"का?"

"कारण मला रोज घालायचाय. माझ्याकडे हा एकच आहे."

तो जमीन मोजणाऱ्या खात्यात होता. खांद्यावर तिपाई टाकून रानोमाळ हिंडायचं आणि नकाशे काढायचे, हे त्याचं काम. तीन आठवड्यांनी त्याला लांब डोंगरात जायचं होतं. तिथे नव्या रस्त्याची मोजणी, दोन वर्षांची छावणी आणि हाडं गोठवणारी थंडी. जायच्या आदल्या दिवशी कॉलर उसवून बघा, त्याने सौदा केला, आणि तोवर कोटाची मापं हवी तितकी घ्या. फक्त कोट अंगातून उतरणार नाही.

"मोजणीवाले, तुम्ही भलतेच हट्टी आहात."

"टाचणीबाई, गळा कुणी धरला होता?"

मग तो रोज येऊ लागला. संध्याकाळी पाचला जिन्यात बूट वाजायचे आणि मागच्या खोलीतली तिन्ही मशीन उगाचच एकदम थांबायची. तो टेबलापाशी उभा राहायचा, ती फीत घेऊन त्याच्याभोवती फिरायची. पाठ, बाही, छातीचा घेर, खांद्यापासून कमरेपर्यंत. आजचं माप उद्या परत घ्यायची. काल फीत सरकली होती म्हणे.

"एकच बाही चार वेळा मोजताय," तो चौथ्या दिवशी म्हणाला. "आमच्या खात्यात असं केलं तर कामावरून काढतात."

"तुमच्या खात्यात जमीन हलत नाही. तुम्ही हलता."

"मी नाही हलत. तुम्ही फिरता, म्हणून तसं वाटतं."

"हात वर करा आणि गप्प बसा."

"उभा आहे. बसू कसा?"

ती हसू दाबायला गेली आणि तोंडातली टाचणी खाली पडली. दोघं एकदमच वाकले. तिच्या केसांचा वास त्याला आला, त्याच्या कोटाचा तिला. ओल्या लोकरीचा, थोडा मातीचा. टाचणी सापडायला जरा जास्तच वेळ लागला.

तो बोलका होता, पण स्वतःबद्दल फारसा नाही. उंचावरून नदी कशी दिसते ते सांगायचा, नकाशात न सापडणाऱ्या वस्त्यांबद्दल सांगायचा. ती कादंबरीतली पानं वाचून दाखवायची. फिरत फिरत, अर्थात. तो ऐकताना एकेकदा असा हसायचा, की पुढचं त्याला माहीत असावं. "तुम्ही वाचलीय का ही?" तिने एकदा विचारलंही. "मी? छे!" तो घाईने म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

दिवस सरत होते तशी तिची तगमग वाढत होती. पाच वाजेपर्यंत तिचा हात कशालाच लागेना. कापायला घेतलेलं कापड तसंच राहायचं, खिडकीशी जा, परत ये, जिन्यात डोकाव. साडेपाच झाले आणि तो आला नाही, की तिचा सगळ्या जगावर राग. आला, की त्याच्यावर. प्रदर्शनाची काळजी आहे, ती स्वतःला बजावायची. सातवा पोशाख व्हायचाय. दुसरं काय?

दुसरं काय ते कापणाऱ्या बाईंनी काढलं. टाचणीने कोटाचा कागदी बेत तयार करून टेबलावर पसरला होता. बाईंनी त्यावरून पट्टी फिरवली आणि भुवया आक्रसल्या. कागद दुमडून दोन्ही बाजू एकावर एक ठेवल्या. परत उलगडला.

"अगं, हे काय केलंयस?"

"काय?"

"डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. पाठीला डावीकडे बाक आहे. कोट असा नाही, मी पाहिलाय. कोट अगदी सरळ बेतलेला आहे." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तिपाई कुठल्या खांद्यावर घेतो तो?"

"डाव्या..." ती म्हणाली, आणि थांबली.

"म्हणजे तीन आठवडे तू कोट मोजलासच नाहीस. माणूस मोजलास." बाईंनी कागदाची सुबक गुंडाळी केली आणि तिच्या हातात ठेवली. "सहा वर्षं माझ्या हाताखाली शिकलीस. डोळे मिटून माप घेतलंस तरी चुकत नाहीस. हे चुकून झालेलं नाही, बाळा."

टाचणीने गुंडाळी काखेत मारली. ती तशीच जिना उतरून रस्त्यावर आली आणि चालत सुटली. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. प्रेम झालं होतं तिचं. सरळसोट, कोणत्याही बेताशिवाय. आणि तो चार दिवसांनी डोंगरात जाणार होता. त्याला सांगायचं कसं? आणि सांगितलं नाही, तर पुढची दोन वर्षं अशी रस्तोरस्ती चालत काढायची?

दोन दिवस तिने तोंड उघडायचं ठरवलं आणि दोन्ही दिवस भलतंच बोलून बसली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे त्याने कोट काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच. नुसत्या सदऱ्यात तो एकदम तरुण आणि जरा घाबरलेला दिसत होता.

"उसवायच्या आधी मला एक सांगायचंय..." तो म्हणाला.

"नंतर सांगा. मलाही सांगायचंय. पण आधी हे." तिने कोट आपल्याकडे ओढला. आधी आकडा बघू, मग बोलू, असं तिने स्वतःला समजावलं होतं. कात्रीच्या टोकाने तिने एकेक टाका सोडवला. घडी उघडली. आतलं अस्तर दिव्याखाली धरलं. उलटं केलं. परत सुलटं केलं.

आत काही नव्हतं. आकडा नव्हता, दोरा नव्हता, सुई गेल्याची खूणही नव्हती.

"हा कोट त्या दुकानातला नाही," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

"माझ्या आईने घरी शिवला. बाबांसाठी. लग्नानंतर."

"मग ही चुणी?"

"आई तुमच्या आजोबांच्या दुकानात होती. सतरा वर्षांची असताना, वर्षभर. हातशिलाई करायची." त्याने खाली पाहिलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ती वळली. मागच्या खोलीच्या दारात काका उभे होते.

"काका, तुम्हालाही?"

"काजं माझी नव्हती गं," काका ओशाळून म्हणाले. "माझं काज मला अंधारातही कळेल. पण तू कित्येक महिन्यांनी मनापासून हसत होतीस. म्हटलं, कोटाचं काय, कुठलाही असेना."

"बाई?"

कापणाऱ्या बाई कापड मोजण्यात अगदी गुंग झाल्या होत्या.

"सगळ्यांना माहीत होतं!" टाचणीचा आवाज चढला. "तीन आठवडे मी वेड्यासारखी... माझं प्रदर्शन तोंडावर आलंय, त्या एका कोटासाठी मी सातवा पोशाख नुसत्या कच्च्या धावदोऱ्यावर अडवून ठेवला, आणि तुम्ही इथे रोज हात वर करून उभे राहत होता? कशासाठी?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं म्हणून आलो, तर तुम्ही फीत घेऊन तयारच होता. तिसऱ्या दिवशी... तिसऱ्या दिवशी सांगावंसंच वाटलं नाही. सांगितलं असतं तर मी चौथ्या दिवशी कशाला येणार होतो इथे?"

हेच शब्द तासाभरापूर्वी ऐकले असते तर ती विरघळली असती. पण आता रागाने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "कोट उचला," ती म्हणाली. "आणि या."

"कॉलर उसवलेली आहे."

"आईकडून शिवून घ्या!"

तो गेला. बूट जिन्यात वाजले आणि बंद झाले. त्या संध्याकाळी टाचणीने तीन वेळा टेबल आवरलं, तीन वेळा पसरलं, आणि घरी जाऊन सगळ्या कपाटांतले कपडे काढून परत घड्या घातल्या. डोळ्याला डोळा लागला असेल तर शपथ.

सकाळी कारखाना उघडतो न उघडतो तोच जिन्यात पावलं वाजली. ती धावत दाराशी गेली. बूट नव्हते, चपला होत्या. साठीच्या एक ठेंगण्या बाई धापा टाकत वर येत होत्या. काखेत पिशवी, चेहऱ्यावर भांडायला निघाल्यासारखा भाव.

"तूच ना टाचणी? मी त्याची आई. आधी पाणी दे, मग काय बोलायचं ते बोल."

पाणी पिऊन त्या टेबलापाशी बसल्या. मागच्या खोलीतून काका बाहेर आले, दोन पावलांवर थबकले, आणि तोंड उघडं टाकून पाहतच राहिले. "अगं... तू? चुळबुळी?"

"चुळबुळीच," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हातारे झालात हो काका." आणि मग टाचणीकडे वळल्या. "तो खोटं बोलला, ते मी सांगितलं होतं म्हणून. आपली ती दुकानातली गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं त्याला लहानपणापासून बजावलं होतं मी. शिव्या द्यायच्या तर मला दे."

त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. पाकिटातून पिवळी पडलेली, एकत्र शिवलेली पानं. सोळा.

काका टेबलापाशी सरकले.

"मला धीरच धरवत नाही कशाला," त्या म्हणाल्या. "मास्तर, म्हणजे तुझे आजोबा, रोज पाच-सहा पानं वाचायचे आणि नेमके अडलेल्या जागी पुस्तक मिटायचे. मी वेडीपिशी व्हायची. शेवटचा भाग शिवणीतून निसटला होता, नुसता आत ठेवलेला असायचा. एका संध्याकाळी काढला आणि घरी नेला. सकाळी परत ठेवणार होते. पण सकाळी पुस्तक मास्तरांच्या हातात. दुपारी हातात. दुसऱ्या दिवशी पण. मला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही, ती आजवर." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "सगळं दुकान शेवटाला मुकलं माझ्यापायी. आयुष्यभर ती बोच राहिली. मास्तरांनी काय केलं मग? चिडले?"

काका आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"मुकलो कुठे?" काका म्हणाले. "मास्तरांनी शेवट वाचला की! पुलावर भेटतात ते."

"ती निघून जाते, पुलावर कुठले," बाई सवयीने म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून सगळं उमटत गेलं. "अगं बाई! पानंच नव्हती त्यांच्याकडे. दोन्ही वेळा मनानेच सांगितलं त्यांनी!"

टाचणी खाली बसली. कुणी सांगितलं नसताना, टेबलाखालच्या स्टुलावर, चक्क बसली. आजोबा पुस्तक उघडं धरून रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघत वाचत असतील, कुणाला कळू न देता. पोरगी कोण ते त्यांनी ओळखलं असणारच. आणि तरी कुणाजवळ बोलले नाहीत. घरच्यांशी नाही, दुकानात नाही. तिने समोरच्या पिवळ्या पानांवरून हलकेच बोट फिरवलं. त्याच्या आईचे डोळे तर केव्हाच वाहायला लागले होते.

"मास्तर कुणाला बोलले नाहीत?" त्या परत परत विचारत होत्या. "खरंच? एकदाही?"

"एकदाही नाही," काका म्हणाले. "आता वाच की. चाळीस वर्षं झाली, ऐकू दे तरी."

मग त्या वाचू लागल्या. काका काज करू लागले, बाईंनी कात्री उचलली, मागच्या खोलीत मशीनवर बसणारी मुलगी मशीन न चालवता हाताने अस्तर जोडू लागली. सोळा पानं संपायला तासही लागला नाही. शेवटी नायक-नायिका एका दिवाणखान्यात बसून ठरवतात, की तूर्त वाट पाहावी, अधूनमधून पत्र लिहावं, आणि पुढे योग आला तर बघावं.

"संपलं?" काकांनी विचारलं.

"संपलं."

"हा काय शेवट झाला?" काका भडकले. "मास्तरांचा कितीतरी चांगला होता!"

"मला सतराव्या वर्षीच वाटलं होतं," त्याची आई नाक पुसत म्हणाली, "की एवढ्यासाठी चोरी फुकट गेली."

सगळे हसले. टाचणी हसली नाही. ती एकदम उठली. "तो कधी निघतोय?"

"दुपारच्या बसने. मला न्यायला इथेच येणार आहे, पण जिन्याखाली थांबतो म्हणाला. वर यायची हिंमत नाही त्याची." त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. "आलाय बघ. तासभर झाला असेल."

ती जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरली. तो फाटकाशी उभा होता. पायाशी बॅग, डाव्या खांद्यावर तिपाई, अंगात तोच राखाडी कोट, कॉलर एका बाजूने लोंबणारी. पाऊस भुरभुरत होता.

"कॉलर शिवली नाही?"

"आई म्हणाली, जिने उसवली तिच्याकडून शिवून घे."

"माझा सातवा पोशाख ठरला," ती म्हणाली. आणि लगेच, श्वासही न घेता, "कोटच आहे. कापून झालाय, कच्चा धावदोरा घालून ठेवलाय. पण तो कुणालाच बसत नाही. मॉडेलला घातला तर डावा खांदा लोंबतो. बघणारा कुणीही म्हणेल, कागद चुकलाय."

"मग दुरुस्त करा."

"चुकलेला नाही तो." तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, हातात फीत नसताना. "मी तुम्हाला मोजत होते. कोटाला नाही. मला कळलंसुद्धा नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर, आणि मला तुमचा रागही आलाय, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते मला समजत नाहीये."

त्याने तिपाई हळूच भिंतीला टेकवली. "प्रदर्शन परवा आहे ना?"

"परवा संध्याकाळी."

"डोंगर दोन दिवसांत कुठे जात नाहीत. साहेबांना कळवतो." मग त्याचा आवाज उतरला. "पण त्यानंतर जावं लागेल. दोन वर्षं. तू... तुम्ही वाट पाहाल का, असं विचारायचं होतं मला काल. कोट उसवायच्या आधी."

"नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"वाट बिट पाहायची नाही मी. आत्ताच ऐकून आले, वाट पाहिली की काय होतं ते. अधूनमधून पत्र, आणि योग आला तर बघू!" ती बोलता बोलता फाटकापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून फाटकापर्यंत चालत होती. "परवा प्रदर्शन झालं, की चार दिवस इथलं आवरायला लागतील. बाई आणि काका कारखाना बघतील. मी हातमशीन घेऊन येते. थंडी आहे म्हणतोस, माणसंही असतील, त्यांना कपडे लागतच असतील. पावसाळा संपेपर्यंत राहीन. मग इकडे येऊन नवीन काम लावीन, परत तिकडे येईन. तुला चालणार असेल तर. नसेल चालत तर आत्ता सांग, म्हणजे मी..."

तो काहीच बोलत नव्हता.

"बोल ना काहीतरी!"

"बोलतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता. "पण जरा उभी राहतेस का एका जागी? मला नीट बघू दे तुला."

ती थांबली. पाऊस केसांवर पडत होता, वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत तीन डोकी एकमेकांना ढकलत होती, परवाचं सगळं काम अजून व्हायचं होतं. तरीही ती हलली नाही. त्याचं बघून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.